पाहुण्याला आधी

अधिक महिना लागला, घरोघरी जावयाच्या जेवणाची बोलणी सुरू झाली, की माझं मन ठिकाणावर राहत नाही. बायको अनारसे तळायला घेते आणि मला पाण्यावर उलटी पडलेली ती होडी दिसते. निवृत्तीनंतर किती तरी गुन्हे विसरलो. हा विसरता येत नाही.

तेव्हा घनसावंगी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. कुंभार पिंपळगावच्या पुढची, गोदावरीकाठची काही गावं आमच्या हद्दीत यायची. तिकडे नदीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. खालच्या बंधाऱ्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे पात्र भरलेलं असायचं आणि दुपारी वारा सुटला की भोई लोक होडीला ताडपत्रीचं शीड लावायचे.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. काठावरच्या एका मोठ्या शेतकऱ्याने पुण्याहून लेक-जावयाला बोलावलं. गाव त्यांना मालक म्हणायचं. पाहुणे आधी जालन्यात उतरले. मालकांचं तिथे घर होतं, त्यामुळे मुक्काम झाला आणि लेकीला शालू, जावयाला धोतर-उपरणं अशी आहेराची खरेदीही झाली. दुसऱ्या दिवशी मंडळी गावी आली आणि दुपारी आहेराची नवी वस्त्रं नेसून होडीतून सैर निघाली. होडीत चौघे होते: मालक, लेक, जावई आणि होडीवाला भोई. मधल्या धारेत जोडीने दिवे सोडायचे म्हणून मालकांनी लेकीचा पदर आणि जावयाचं उपरणं यांची गाठ बांधली. पूजेला जोडपं बसलं की गाठ बांधायची, ही आपली रीतच आहे. ती पाण्यावर बांधू नये, हे त्या घरात कुणाच्याही मनात आलं नाही.

वावटळ आली, शीड फिरलं आणि होडी उलटली. तिघे वाचले, लेक गेली.

ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद केली. सकाळी बंधाऱ्याजवळ प्रेत मिळालं. पंचनामा करताना मी पदर उलगडायला लावला. गाठ तशीच घट्ट होती. तिच्यात उपरण्याचा तुकडा अडकलेला होता आणि तो फाटलेला नव्हता, सरळ कापलेला होता.

मी मान वर केली तर मालक त्या तुकड्याकडेच बघत होते. मग एकदम ओरडले, "जावयानंच गाठ कापली! सोताचा जीव वाचवायला माझी लेक बुडवली यानं! साहेब, लिवून घ्या, खून झालाय."

फिर्याद आली, खुनाचा गुन्हा दाखल झाला. मी जावयाला ठाण्यात आणून बसवलं. तासाभरात फाटकापाशी अख्खं गाव जमलं. त्याला आमच्या ताब्यात द्या, अशी आरोळी उठू लागली. तेवढ्यात जालन्याहून पाहुण्यांना घेऊन आलेला गाडीचा ड्रायव्हर मागच्या दाराने माझ्याकडे आला.

"साहेब, येक गोष्ट सांगायची राह्यली. जालन्यात मुक्कामाला होतो ना, तवा पाहुन्यानं बाजारातून चाकू घेतल्ता. घडीचा, बराबर एवढा. मी सोता पाह्यला."

आता कापलेलं उपरणं होतं, चाकू होता आणि फिर्यादी होता. अटकेचा कागद तयार करून हवालदाराने माझ्यासमोर ठेवला. फक्त माझी सही बाकी होती.

मी जावयासमोर बसलो. पुण्यातल्या एका कार्यालयात नोकरी करणारा, साधारण पस्तिशीचा माणूस. अंगावर अजून कालचंच धोतर होतं.

"चाकू घेतला होतास?"

"हो. आंबे कापायला."

"कुठे आहे?"

"गाडीतल्या पिशवीत असेल. मला पोहता येत नाही, साहेब. पाण्यात गेलो तेवढंच आठवतं. मग कुणीतरी मानेला धरून ओढलं. डोळे उघडले तेव्हा काठावर होतो."

"उपरणं कुणी कापलं?"

"माहीत नाही. मीच कापलं असेल तर मला फाशी द्या. ती गेलीच आहे."

असं बोलणारे दोन प्रकारचे लोक मी पाहिले होते. एक पक्के बनेल आणि दुसरे खरोखर मोडलेले. पहिल्या तासात दोन्ही सारखेच दिसतात. मी उलटसुलट विचारलं, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. त्याचं उत्तर बदललं नाही. बाहेर दगड आला आणि ठाण्याची काच फुटली. हवालदार म्हणाला, "साहेब, सही करून टाका, लोक शांत होतील." मला त्याचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो याचा, की सही करायला माझाही हात शिवशिवत होता.

ड्रायव्हरने गाडी ठाण्यात आणली होती. दोन पंच बोलावून मी डिकी उघडली. पिशवीत आंब्याच्या साली होत्या आणि खाली चाकू. पात्याला रस वाळून चिकटला होता, त्यावर मुंग्या लागल्या होत्या. ठाण्यात येईपर्यंत गाडी काल दुपारपासून काठावर कुलूप लावून उभी होती आणि किल्ली ड्रायव्हरकडेच होती. म्हणजे हा चाकू होडीत चढलाच नव्हता.

मग होडीत पातं कुणाकडे होतं? जाळ्याचा दोर तोडायला सुरी कोण कमरेला बाळगतो?

भोयाला आणायला माणूस पाठवला. तो आला आणि जमिनीवर बसला. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसला नाही.

"सुरी दाखव."

त्याने निमूट काढून दिली.

"गाठ तू कापलीस?"

तो रडायला लागला. "व्हय साहेब. मी मालकाचं मीठ खाल्लंय, म्हनून बोललो न्हाई."

"मालकांचा काय संबंध?"

"होडी उलटली तवा ताईनं होडीच्या कडेला धरल्तं. पाहुना खाली गेल्ता, त्याच्या वजनानं तीबी वढली जात होती. मी ताईजवळ पोचलो. तिचा हात धरला. मालक पलीकडून वरडले, 'पाहुन्याला आधी काढ! ती पोहती!' मंग मी गाठ कापली अन् पाहुन्याला घेऊन निघालो. मागं वळून पाह्यलं तर ताई न्हाई. भिजलेला शालू लई जड असतो, साहेब."

लहानपणी ती पोर नदी आरपार पोहायची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. शालू नेसून पोहणं कसं असतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

मी मालकांना आत बोलावलं. भोयाला खाली बसलेलं पाहिलं आणि ते भिंतीला टेकले. त्यांना सगळं आठवत होतं. "साहेब, जनमभर जावयाला आधी वाढलं, आधी बसवलं. तोंडातून तेच निघालं," ते म्हणाले. "पदरात तो तुकडा दिसला अन् वाटलं, जावयानं कापली आसंल तर बरं हुईल."

खोटी फिर्याद म्हणून मी कोर्टात 'ब' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवू शकलो असतो आणि म्हाताऱ्यावरच कारवाई झाली असती. मी गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून 'क' समरी पाठवली. वरिष्ठांनी विचारलं, मी कारण सांगितलं, त्यांनी मान्य केलं. फिर्यादी बोट दाखवतो तिकडे बघायची पोलिसाला सवय असते. या प्रकरणानंतर मी बोट दाखवणाऱ्याकडेही बघायला शिकलो. फार चिडलेला फिर्यादी आला, की तो नेमका कुणावर चिडला आहे हे आधी विचारायचो. बऱ्याचदा तो स्वतःवरच चिडलेला असायचा.

हे सगळं पुढचं झालं. त्या दुपारी मी अटकेचा कागद फाडला आणि जावयाला आत बोलावून सगळं सांगितलं. मालकांनी त्याच्याकडे न बघता भोयाला विचारलं, "म्या वरडलो ते तिनं ऐकलं का रे?"

भोई माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "सांग. खरं असेल ते सांग."

"ऐकलं, मालक. मी तिचा हात सोडीत नव्हतो. तीच म्हनली, 'दादा, ह्यांना घ्या आधी.'"

मला वाटलं, हे ऐकून म्हाताऱ्याला थोडा आधार वाटेल. पण ते मटकन खाली बसले आणि कालपासून पहिल्यांदाच रडले.

"मीच शिकवल्तं तिला ते," ते म्हणाले. "लहानपणापासून मीच शिकवल्तं."

जावई उठला आणि सासऱ्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसला. मी दार ओढून घेतलं आणि फाटकावरच्या लोकांना घरी पाठवायला बाहेर गेलो.