अस्तराला गेलेली चीर

"हार्ट अटॅक नाही," डॉक्टर म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो पुरता बाहेर पडायच्या आत ते पुढे म्हणाले, "ह्यांच्या महाधमनीला आतून चीर गेलीय. ऑर्टिक डिसेक्शन."

ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर उभी राहून मी हे ऐकलं. सोबत शेजारच्या भाभी होत्या, माझ्या चपला हातात धरून, कारण मी घरातून अनवाणीच निघाले होते. आत स्ट्रेचरवर माझे मिस्टर होते.

हे लिहितेय ते ज्यांना उद्या हेच शब्द ऐकावे लागतील त्यांच्यासाठी. कुणावर ती वेळ न येवो. पण आलीच तर निदान शब्द तरी ओळखीचे असावेत.

ऑर्टा म्हणजे महाधमनी, हृदयातून निघून छातीतून पोटापर्यंत उतरणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला थर असतात. आतला थर फाटला की रक्त त्या फटीतून थरांच्या मधे घुसतं आणि थर सोलत पुढे जातं. मी भाईंदर पूर्वेला घरीच ब्लाउज शिवते, त्यामुळे मला ते लगेच कळलं. अस्तर उसवलं की बोट अस्तर आणि कापडाच्या मधे जातं, तसं. बाहेरचं कापड शाबूत आहे तोवर माणूस आहे. ते फाटलं तर काय, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता सकाळचं सांगते. हे बाल्कनीत उभे राहून खालच्या टँकरवाल्याशी भांडत होते. सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे ते रोजचंच. मधेच आवाज बंद झाला. बघते तर कठडा धरून उभे, चेहरा पांढराफटक, अंगाला दरदरून घाम. दोन खांद्यांच्या मधे कुणीतरी कापड टरकावतंय असं वाटलं, असं नंतर म्हणाले. तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "लाव पाय."

हे कळायला आमच्या घरची एक गोष्ट माहीत हवी. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी आपल्याकडे समजूत. महाडकडच्या माहेरी लहानपणापासून मी लोकांच्या पाठींना पाय लावत आलेय. भाईंदरला आल्यावर वाटलं, सुटले. कसली सुटते? बिल्डिंगमधले गुजराती, मारवाडी, भय्ये, सगळे येतात. "दीदी, जरा पैर लगा दो ना," म्हणून भाभी तर महिन्यातून एकदा हजर.

हे मात्र पक्के बुद्धिवादी. विहारात मुलांना अंधश्रद्धेवर भाषणं देणारे. "आमच्या घरात हाडांचा दवाखाना आहे, डॉक्टरीणबाईंची डिग्री टाचेत आहे," अशी तीस वर्षं माझी टिंगल. त्याच माणसाने त्या सकाळी स्वतःहून माझ्याकडे पाठ केली.

मी पाय लावला. काही झालं नाही, होणारही नव्हतं.

कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये ईसीजी काढला. तो नॉर्मल. गॅस असेल, इंजेक्शन देऊ, दुपारपर्यंत बघू, असं चाललं होतं. तिथे ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने एका हाताचं बीपी घेतलं, मग दुसऱ्या हाताचं घेतलं, मग पुन्हा पहिल्याचं. दोन्हींत बराच फरक होता. तिने इंजेक्शन थांबवलं आणि अँब्युलन्स बोलावली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. पुढे तिच्यासाठी पेढे घेऊन गेले तर ती नोकरी सोडून गेली होती. पेढे रिसेप्शनवर ठेवून आले. ती जिथे असेल तिथे सुखी असो.

म्हणून सांगते. पाठीत किंवा छातीत अचानक, फाडल्यासारखी कळ आली तर चोळत बसू नका, गॅस म्हणून ओवा खाऊ नका, आणि पायाळू बाई शोधू नका. मी स्वतः पायाळू आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

वरसावे पुलापाशी अँब्युलन्स अडकली. घोडबंदर रोडवरचं ट्रॅफिक सायरनला कुठे दाद देतं? भाभी खिडकीतून डोकं काढून ट्रकवाल्यांना गुजरातीत काय काय म्हणाल्या ते मी लिहू शकत नाही. हे डोळे मिटून पडले होते. मी त्यांचा अंगठा धरून बसले होते.

डिसेक्शनचे दोन मुख्य प्रकार, असं आयसीयूतल्या डॉक्टरांनी सांगितलं. टाइप ए म्हणजे चीर हृदयाजवळच्या भागात, त्याला ताबडतोब ऑपरेशन. टाइप बी म्हणजे चीर त्याच्या पुढे, छातीतून खाली उतरणाऱ्या भागात. ह्यांचं टाइप बी. इथे आधी सलाइनमधून औषध देऊन बीपी उतरवतात, म्हणजे फाटलेल्या जागेवर रक्ताचा मार कमी बसतो.

आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांबद्दल काय लिहू? त्या खुर्च्या बसायला नसतात, वाट बघायला असतात. दिवसातून थोडा वेळ आत सोडायचे. बाकी वेळ मी समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत ते वाचायची. रडू येत नव्हतं. रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

वॉर्डात आणल्यावर एक डॉक्टर बाई आल्या, रिसर्चवाल्या. शांत, चष्म्याच्या, खुर्ची ओढून बसणाऱ्या. त्यांनी सांगितलं की अशा पेशंटसाठी दोन रस्ते आहेत. एक, गोळ्यांनी बीपी काबूत ठेवायचं आणि ठरावीक काळाने सीटी करून लक्ष ठेवायचं. दुसरा, गोळ्यांसोबत थोड्याच दिवसांत स्टेंट ग्राफ्ट बसवायचा. ही कापडाची नळी, तिला धातूची जाळी असते. जांघेतून आत नेऊन ती चिरेवर बसवतात. म्हणजे नवीन अस्तर. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना कुठला रस्ता जास्त चांगला, ह्याचा त्या अभ्यास करत होत्या. आम्ही भाग घेऊ का, असं विचारायला आल्या होत्या. कुणाला काय मिळणार ते काँप्युटर ठरवणार. त्याला रँडमायझेशन म्हणतात. आपल्या भाषेत चिठ्ठी टाकणं.

माझं डोकं फिरलं. माझ्या नवऱ्याच्या जिवावर चिठ्ठ्या टाकणार? मी सरळ विचारलं, तुम्हाला त्यातलं बरं कुठलं ते माहीत असेल ना, मग तेच द्या.

त्या म्हणाल्या, "माहीत असतं तर तुम्हाला विचारायलाच आले नसते. तेच दिलं असतं."

इतकी वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पण 'माहीत नाही' असं तोंडावर सांगणाऱ्या डॉक्टर पहिल्यांदाच बघितल्या. नाही म्हणालात तरी उपचार तेवढेच नीट होतील, मधेच बाहेर पडता येईल, आणि बिघाड दिसला तर अभ्यास बाजूला ठेवून ताबडतोब जे हवं ते करू, हेही त्यांनी सांगितलं. मला वाटत होतं नाही म्हणावं. ह्यांनी पेन मागितलं.

"आपल्या आधी कुणीतरी हो म्हटलं असेल," मला म्हणाले, "म्हणून तर ह्या गोळ्या आज आपल्याला मिळतायत."

आमच्या वाट्याला नुसत्या गोळ्या आल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तेव्हा बरं रडू आलं. मला नवीन अस्तर हवं होतं. उसवलेलं तसंच ठेवून कुणी कपडा परत देतं का? हे मात्र हसले. म्हणाले, "घराच्या लॉटरीत कधी नंबर लागला नाही, इथे कसा लागेल?"

घरी आलो आणि खरी दमणूक सुरू झाली. हॉस्पिटलात सगळे विचारतात. घरी कोण विचारतं? गोळ्या, बीपीचं मशीन, बिनमिठाची भाजी. जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, चिडायचं नाही. फाटलेल्या जागी भिंत कमजोर होऊन फुगत जाऊ शकते, त्या फुग्याला ॲन्युरिझम म्हणतात, आणि फुगा वाढला तर मोठी सर्जरी. लोणचं बंद, पापड बंद, सुकी मासळी बंद. तारोडीहून येणारी आमची मासळीवाली दारात बसून म्हणाली, "बाय, माझा बोंबील खाऊन कोन मेलाय का?" हे आतून इतके हसले की मी मशीन घेऊन धावले.

सेक्रेटरीपद सोडलं. टँकर आला की मी बाल्कनीचं दार लावून घ्यायची. पण सगळ्यात जड गेलं ते भांडण बंद झालं ते. तीस वर्षं आम्ही रोज भांडलो, टीव्हीच्या आवाजावरून, पंख्याच्या स्पीडवरून. आता मी काही बोलायच्या आधी त्यांचं बीपी आठवायचं आणि शब्द गिळायचे. गिळून गिळून मीच फुगत होते. एकदा फॉलोअपला डॉक्टर बाईंनी ह्यांचं बीपी बघून शाब्बास म्हटलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि माझं कोण मोजतं?" त्यांनी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. वाढलेलंच होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन डबे गोळ्यांचे आहेत. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी आपलाही दंड पुढे करावा, लाजू नये. हा आजार घराण्यात असू शकतो म्हणून मुलीचीही तपासणी करून घेतली. तिचं ठीक आहे.

ठरल्याप्रमाणे सीटी होत राहिले. दर वेळी आठवडाभर आधीपासून मला जेवण जायचं नाही. दर वेळी डॉक्टर बाई पडद्यावर मोजून म्हणायच्या, "तसंच आहे." बरं झालंय असं कधीच नाही. तसंच आहे. सुरुवातीला मला राग यायचा. हळूहळू त्या दोन शब्दांसाठी मी जीव मुठीत धरून बसायला लागले.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी हे पेपर उचलायला वाकले आणि तसेच राहिले. हात पाठीवर. माझ्या हातातून कात्री पडली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. 'लाव पाय' ते म्हणाले नाहीत, मी विचारलंही नाही. भाभींना हाक मारली. ह्या वेळी चपला मी स्वतः घातल्या.

पुन्हा तो रस्ता, पुन्हा ते सीटीचं दार, पुन्हा त्याच खुर्च्या. मी मनाशी म्हणत होते, तीस वर्षांत जेवढं भांडले त्यातलं अर्धं परत घेते. मग म्हटलं, सगळंच घेते. तेवढ्यात डॉक्टर बाई आल्या. चेहऱ्यावरून काही कळू देत नाहीत, पण त्या दिवशी हसू दाबत होत्या.

"चीर आहे तशीच आहे, फुगलेली नाही," त्या म्हणाल्या. "स्नायू धरलाय. साधी उसण आहे."

घरी आलो. एवढं दमायला झालं होतं की कुलूप उघडल्यावर मी चपलांसकट आत गेले. हे कुशीवर पडले, भिंतीकडे तोंड करून. मग म्हणाले, "लाव आता पाय."

मी म्हटलं, तुमचा कुठे विश्वास आहे?

"नाहीच," ते म्हणाले. "पण डॉक्टरांनी लिहून दिलंय, साधी उसण. ही तुझी केस."

मी पलंगाचा कठडा धरला आणि पाय टेकवला. भार अजिबात दिला नाही, नुसता तळवा ठेवला. पाठ गरम होती. तळव्याखाली त्यांचा श्वास वर जात होता, खाली येत होता. दोनदा-तीनदा टेकवून काढायचा असतो, अशी रीत आहे. भाभी बाहेर बेल वाजवत होत्या, त्यांना विचारायचं असणार काय झालं. मी पाय काढला नाही.