ब्रिटाची पाटी

मार्लिस अमेरिकेत, मोठ्या सरोवराकाठच्या दुलूथला, माझ्या शेजारच्या घरात राहते. शाळेच्या कँटीनमध्ये वाढायला असते. बाई हसरी, पण लेकीच्या कौतुकाला धरबंध नाही. नवरा ड्युएन खनिजाच्या जहाजावर. सरोवर गोठलं की घरी, वितळलं की पुन्हा पाण्यावर. लेकीचं बालपण त्याने फोनवरच पाहिलं.

आमच्याकडे शाळेच्या पहिल्या दिवशी पोरांना फोटोसाठी घराच्या पायरीवर पाटी घेऊन उभं करतात. मार्लिसच्या पाटीवर सगळंच असायचं: ब्रिटा, इयत्ता तिसरी, शाळेचं नाव, बाईंचं नाव, आवडता रंग जांभळा, कुत्रा पिकल. ब्रिटा ते मोठ्याने वाचायची आणि मार्लिस व्हिडिओ नेटवर टाकायची. यंदाचा, फक्त घरच्यांसाठी ठेवलेला व्हिडिओ ड्युएनला जहाजावर उघडेना, म्हणून तिने तो सगळ्यांना खुला केला.

"अख्खी पोर मांडलीस की चव्हाट्यावर!" मी म्हटलं.

"तुला मेलं सगळ्यात वाईटच दिसतं, आयरीन. बघ, किती लोकांना आवडली माझी ब्रिटा!"

ऑक्टोबरात बसथांब्यापाशी एक गाडी थांबली. आतला माणूस म्हणाला, "ब्रिटा ना? चल, बाबांनी पाठवलंय. पिकलला लागलंय." बाईंचं नावही त्याने बरोबर सांगितलं. पोर गाडीत बसतच होती, तेवढ्यात शाळेची बस आली आणि चालकाने भोंगा दाबून धरला. गाडी पसार झाली.

मार्लिसने व्हिडिओ काढून टाकला. पोलीस म्हणाले, लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती आता कुठे कुठे असतील, सांगता येत नाही. तिचं हसू गेलं ते गेलंच. मला तिचा राग यायचा आणि कीवही. "कुणीही नाव घेऊन हाक मारली तरी दार उघडायचं नाही," असं तिने ब्रिटाला बजावून ठेवलं.

जानेवारीत ड्युएन न कळवता आला. मार्लिस कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती, मी अंगणातला बर्फ ओढत होते.

"ब्रिटा, बाळा, मी बाबा!"

"कशावरून?"

"अगं, तुला जांभळा रंग आवडतो..."

"ते व्हिडिओत आहे." आतला आवाज रडवेला झाला. "व्हिडिओत नसलेलं सांगा."

ड्युएनपाशी होतं ते सगळं व्हिडिओतलंच होतं.

"ब्रिटा, बाबाच आहे गं तुझा!" मी ओरडले. दार उघडलं नाही. आतून पिकल तेवढा दार खरवडत होता.

मार्लिस परत येईपर्यंत ड्युएन त्याच पायरीवर, बर्फात बसून राहिला.