ताईंचं प्रतिज्ञापत्र

अमरावतीच्या तहसीलसमोर एक टायपिंगवाले काका बसतात. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि माझं प्रत्येक प्रतिज्ञापत्र त्यांनीच टाइप केलं. म्हणून आदरानेच लिहितो.

गिऱ्हाईक नसलं की काका एका कथांच्या अॅपवर त्यांच्या आवडत्या टीव्ही मालिकेच्या पुढच्या गोष्टी लिहितात. तेही बाईच्या नावाने. "बाप्यानं लिहिलेली प्रेमकथा कोन वाचते बे?" असं त्यांचं म्हणणं. भाषा मात्र कचेरीचीच: 'सदर नायिकेने कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने नायकास मिठी मारली.'

पूर्वी वाचक एकेका भागाची आठवडाभर वाट पाहायचे, चुका प्रेमाने सांगायचे. आता एआयचं मशीन दिवसात शंभर भाग लिहून देतं, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. परतवाड्याच्या एका मावशींनी काकांच्या कथेखाली लिहिलं, "ताई, माणूस असं लिहीतच नाई. तुमी मशीनकडून लिहून घेऊन राहिल्या."

काकांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि स्टॅम्प पेपर काढला. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर कथा माझ्याच हातची आहे.'

"काका, खाली खरं नाव लिहा लागन," मी म्हणालो. "सारे वाचक पळून जातीन."

"मंग? खोट्या नावानं प्रतिज्ञापत्र होते काय रे?"

त्यांनी सही केली, नोटरीचा शिक्का घेतला आणि कागदाचा फोटो कथेखाली टाकला. मग दुपारभर आम्ही दोघं मोबाइलकडे पाहत बसलो.

शेवटी मावशींचं उत्तर आलं.

"माफ करा, दादा. मी बी बाई नाई. इकडे जीप चालवतो. पुढचा भाग टाका लवकर."