समुद्रात उभे सुळके

बाप गेला तेव्हा घरात काही नव्हतं. चौक गावात भाताची वखार मी एकट्याने उभी केली; धाकटा भाऊ मुंबईला पळून आगबोटीवर खलाशी झाला. तरी तो सुट्टीवर आला की गिऱ्हाइकं माझ्याशी भाव करायचं सोडून त्याच्याभोवती बसत.

तो समोरच्या इर्शाळ डोंगराच्या सुळक्याकडे बोट दाखवी आणि म्हणे, असे सुळके भर समुद्रात उभे असतात. विलायतेच्या दारात पांढरे, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला पिवळे. लाटा कडा पोखरतात, त्याला आपल्या इर्शाळसारखं आरपार भोक, नेढं पडतं. मग वरचं छत कोसळतं आणि पुढचा खांब पाण्यात एकटा उरतो. लोक माना डोलवत. मी विचारलं, धुकं असलं म्हणजे?

"मग कान द्यायचा," तो म्हणाला. "लाट आपटल्याचा आवाज येळेवर आला तर बरं."

त्यानंतर माझं मापात लक्ष लागेना. त्याची पुढची बोट त्याच पिवळ्या सुळक्यांच्या अंगाने जाणार होती. मी त्याला वखारीत अर्धी भागी देऊ केली, मग रस्त्याकडेची जागा, मग लग्नाचा सगळा खर्च. तो नुसता हसला. माझं डोकं फिरलं.

निघायच्या सकाळी बिस्मिल्ला म्हणून त्याने उंबरा ओलांडला. निघालेल्या माणसाला आमच्यात मागून हाक मारत नाहीत. मारली, तर त्याने परत येऊन बसायचं, पाणी प्यायचं, मग नव्याने निघायचं. आगगाडी तेवढा वेळ थांबणार नव्हती. मी मोठ्याने हाक मारली.

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारतोस व्हय रं?"

तो आला, पाटावर बसला, सावकाश पाणी प्यायला. मी म्हटलं, आता गाडी काही मिळत नाही.

"उद्याची मिळंल. बोट परवा सुटतेय, भाई," तो म्हणाला. "तू असं कायतरी करशील हे ठावं व्हतं, म्हणून आजच निघालो."

दुसऱ्या सकाळी तो निघाला तेव्हा मी दात आवळून उभा होतो. त्याची बैलगाडी वळणाआड गेली तरी आई दारातून हलली नाही. घर सोडून पळालेल्याला ती दुआ देत होती, आणि मी एक हाक मारली म्हणून माझ्याकडे बघतही नव्हती. वखार उघडायची वेळ टळून गेली. तिच्या अंगावरून बाहेर पडायचा मला धीर होईना.