न वाजणारं पैंजण

जानेवारीचं धुकं अकलोलीच्या कापून झालेल्या भातखाचरांवर पडून होतं. गरम पाण्याच्या कुंडांकडून गंधकाचा वास येत होता आणि रस्त्यावरची कंपनीची बस हॉर्न वाजेपर्यंत कुणाला दिसली नाही. त्या शनिवारी साडेसहाला बस भिवंडीजवळच्या गोडाऊनला लागली. बाया कानाला ओढण्या गुंडाळून उतरल्या आणि दारातच रांगेत उभ्या राहिल्या, कारण विनिताचं सकाळचं काम तिथंच असायचं.

तिच्यासमोर एक उलटा क्रेट आणि क्रेटशेजारी ट्रे. ट्रेमध्ये काळे पट्टे, प्रत्येकावर नंबर. एकेका बाईनं क्रेटवर पाय ठेवायचा आणि विनितानं घोट्याच्या वर पट्टा बांधायचा. दिवसभरात ती बाई किती पावलं चालली, किती वेळ थांबली, हे तो पट्टा मोजायचा.

"मढ्यासारखे गार हात हायत गो तुजे," एक जण म्हणाली.

"कंपनीचा पैंजन हाय ह्यो," दुसरी. "वाजत न्हाय. नुसत्या चुगल्या करतं."

एरवी विनिता हसली असती. त्या दिवशी ती मान खाली घालून पट्टे बांधत राहिली. शेवटचा पाय तिच्या आईचा, जानकीबाईचा. टाचेच्या भेगांत हळद भरलेली. तो बांधून झाला तरी ट्रेमध्ये एक पट्टा उरला. सतरा नंबर.

सीताबाईचा.

जानकीबाईनं तो पाहिला, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आत गेली.

विनिता केसरीनाथ तरे, वय एकोणतीस. बाप नारपोलीत कापडाच्या लूमवर आयुष्यभर. लूमच्या खडखडाटानं त्याचे कान गेले, त्यामुळे तो घरात बोलतो तेही अख्ख्या आळीला ऐकू जातं. आई पूर्वी शेतावर, आता गोडाऊनमध्ये माल उचलायला: हातात स्कॅनर, स्कॅनर सांगेल त्या रॅकवर जायचं, वस्तू काढायची, खोक्यात टाकायची. विनिता इंजिनियर झाली, एमटेक झाली, आणि नोकरी लागली तीही त्याच गोडाऊनमध्ये, काचेच्या केबिनमध्ये. काचेतून खाली पाहिलं की आईचं नारिंगी जाकीट दिसायचं. केबिनमध्ये ती शुद्ध बोलायची, घरी गावचं. दोन्ही तिच्या तोंडी शोभायचं.

संध्याकाळी जानकीबाई कुंडाचं गरम पाणी बादलीत आणून पाय बुडवून बसायची. एकदा विनितानं विचारलं, "बय, आज किती चाललीस?"

"मना काय ठाव? मोजतं कोन?"

तिथून तिचा पीएच.डी.चा विषय निघाला.

कंपनीत काम करणाऱ्या पदवीधरांना नोकरी न सोडता संशोधन करता यावं म्हणून एक योजना होती. दरमहा मिळणाऱ्या पैशातला निम्मा वाटा सरकारचा, निम्मा कंपनीचा. चार दिवस कामावर, दोन दिवस विद्यापीठात. विषय मात्र कंपनीच्या उपयोगाचा हवा, आणि दर सहा महिन्यांनी योजनेच्या सरकारी समितीपुढे उभं राहायचं. समितीचं समाधान झालं तर पुढचे सहा महिने, नाहीतर रामराम. विनितानं लिहून दिलं की जास्त खपाचा माल दाराजवळ, कंबरेच्या उंचीवर ठेवला, तर बायांचं चालणं कमी होईल आणि कामही उरकेल. योजना मंजूर झाली. गावच्या पोरांनी नाक्यावर फ्लेक्स लावला, त्यावर तिच्या नावामागे आत्ताच 'डॉ.' टाकून मोकळी झाली.

तिच्या मार्गदर्शक डॉ. रुकय्या मूळच्या भिवंडीच्याच. घरात कोकणी, वर्गात कडक मराठी. त्यांनी बायांसाठी संमतीपत्र करवून घेतलं होतं. त्यात होतं की पट्ट्यातली माहिती कुणाही एका बाईच्या पगाराला किंवा कामाला लावली जाणार नाही. विनितानं कॅन्टीनमध्ये उभं राहून ते वाचून दाखवलं आणि शेवटी सांगितलं, "रोज चालता तशाच चाला. मुद्दाम काही करू नका." बायांनी माना हलवल्या.

माना हलवल्या, पण ऐकलं वेगळंच. परीक्षा म्हटली की पोर पास झाली पाहिजे, आणि पोर आपल्या गावची. समितीची तारीख कळली, तेव्हा काय करायचं ते जानकीबाईनं बसमध्येच सांगून टाकलं.

रॅकची मांडणी बदलली आणि तिसऱ्या आठवड्यात आकडे उसळले. तासाला सत्तर वस्तू काढणाऱ्या बाया नव्वदच्या पुढं गेल्या. चौथ्या आठवड्यात एका दुपारी विनिता एक सैल पट्टा बदलायला खाली उतरली, तर रॅकच्या पलीकडून आईचा आवाज आला.

"चाला गो भरभर. पोरीची परीक्षा हाय. पानी आता नको, मागशी प्या."

खोक्यांच्या फटीतून विनितानं पाहिलं. बावन्न वर्षांची सीताबाई, शेजारीण, लहानपणी जिच्या ओटीवर ती अर्धं जेवण जेवली ती, एका हातानं गुडघा दाबत, दुसऱ्या हातात स्कॅनर धरून धावत होती. चालत नव्हती, धावत होती.

विनितानं तेव्हाच पुढं व्हायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण समितीची तारीख दहा दिवसांवर होती. ती आल्या पावली केबिनमध्ये परत गेली आणि काचेकडे पाठ करून बसली.

समितीच्या आधी रुकय्या मॅडमनी आलेखावर पेन टेकवलं. "विनिता, रॅक हलवले पहिल्या आठवड्यात. उसळी तिसऱ्यात. मधे काय झालं?"

"बायांना सवय व्हायला वेळ लागला, मॅडम."

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. समितीनं कौतुक केलं, पैसे चालू राहिले. ऑपरेशन्सच्या प्रितेश सरांनी पेढे वाटले आणि दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर नोटीस लागली: संशोधनाच्या आधारे नवीन टार्गेट, तासाला नव्वद.

विनिता नोटीस घेऊनच त्यांच्याकडे गेली. "सर, संमतीपत्रात लिहिलंय..."

"कुणा एका बाईचा आकडा वापरला का आपण? सरासरी घेतली, यार. तुझीच सरासरी आहे."

तिला तेव्हाही सांगता आलं असतं. ती "ओके सर" म्हणाली.

टार्गेट न गाठणाऱ्यांच्या लाल यादीत सीताबाई तीन आठवडे आली. चौथ्या आठवड्यात, त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, ठेकेदारानं तिला सांगितलं, उद्यापासून बसला थांबू नको.

गावात कुणी विनिताला काही बोललं नाही, हेच जास्त लागत होतं. एखादी भांडली असती, नाक्यावरच्या फ्लेक्सवर शेण मारलं असतं, तर बरं वाटलं असतं. उलट दुकानात पोरं अजून तिला "डॉक्टरीन बाय" म्हणत. सीताबाईच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मायलेकी दोघी मागच्या बांधानं बसला जायच्या, आणि तसं का जातो हे एकमेकींना सांगायच्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात रविवारी दुपारी सीताबाईच आली. हातात नारिंगी जाकीट, धुऊन, घडी घालून, पिशवीत.

"ह्यो तुज्या कंपनीला दे. माज्याकडं रायला तर चोरी म्हनतील."

जानकीबाई वाल सोलत होती. तिचे हात थांबले. विनितानं पिशवी घेतली. सीताबाई उंबऱ्यावरच टेकली आणि मिशेरी लावलेल्या दातांनी ओशाळवाणं हसली.

"एक विचारू गो? तुजी परीक्षा माज्यापायी बिघारली न्हाय ना? मी लय धावली. पर ह्यो गुडघा मना धावू देत न्हाय. तीन आठवडं मीच मागं रायली. मना रोज वाटं, या पोरीला माज्यामुलं मार्क कमी परनार."

विनिता पिशवी घेऊन खाली बसली.

"काय झायला?" आतून केसरीनाथ ओरडला. "पोरगी नापास झायली काय?"

समोरच्या ओटीवरची दोन माणसं उठून बघायला लागली.

"गप बसा तुमी!" जानकीबाईनं परात बाजूला सारली. "सीताबाय, पोरीचा काय दोष न्हाय. मीच सगल्यांना धावाला लावला. तिला यातला कायच ठाव न्हवता."

"ठाव होतं," विनिता म्हणाली.

आईनं मान वर केली.

"ठाव होतं, बय. मी रॅकच्या मागं उभी होते. तू सगल्यांना मागशी पानी प्या म्हनालीस ते ऐकलं. काकीला धावताना बघितलं. आनि वर जाऊन बसले."

सीताबाई उठली, उंबऱ्याला हात धरून, आधी डावा पाय मग उजवा, आणि निघून गेली. जाकिटाची पिशवी विनिताच्या मांडीवर राहिली.

"आनि तू गप रायलीस," जानकीबाई म्हणाली. ती विचारत नव्हती. तिनं परात पुन्हा ओढली. "मना वाटलं, आपुन अडानी म्हनून चुकलो. तू तर शिकलेली हायस."

रात्री त्या घरात तिघंही जेवली, पण एकाच वेळी नाही.

सोमवारी विनिता विद्यापीठात गेली आणि रुकय्या मॅडमच्या टेबलासमोर उभ्यानंच सगळं सांगितलं. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"मी तुला विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. माझ्याही नावावर ते काम चांगलं दिसत होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "समितीला पत्र तू लिहायचंस. माझ्या सहीआधी तुझी सही. पैसे थांबतील, हे धरून चाल. कंपनी तर हात वरच करील."

"आणि टार्गेट?"

"ते खाली आणायचं बळ त्या पत्रात असलं तर असेल. दुसरीकडं कुठं नाही."

पत्र दीड पानाचं झालं. त्यात 'अनवधानाने' हा शब्द तिनं एकदा लिहिला आणि खोडला. समितीनं सहा आठवड्यांची सगळी मोजणी रद्द केली, सहा महिन्यांचे पैसे थांबवले आणि मोजणी पहिल्यापासून करायला सांगितली. त्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की हे आकडे कशासाठीही वापरू नयेत. प्रितेश सरांनी तो दोनदा वाचला.

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला आमच्याच गोडाऊनमधला धोंडा सापडला का तुला? कंपनीच्या वाट्याचे पैसे आता विसर. नोकरी आहे ती कर."

"टार्गेट, सर?"

"टार्गेट काय लिफ्ट आहे, बटण दाबलं की खाली?"

पण सरकारी कागद होता. चार दिवसांनी फळ्यावरचा नव्वद पुसून पंचाहत्तर झाला, खाली बारीक अक्षरात 'तात्पुरते'. लाल यादीतल्या बायांना बोलवा, असं ठेकेदाराला सांगण्यात आलं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत विनिता कॅन्टीनमध्ये उभी राहिली, संमतीपत्र वाचलं होतं त्याच जागी. या खेपेला हातात कागद नव्हता. काय पाहिलं, काय लपवलं, पैसे का थांबले, सगळं सांगितलं. डबे उघडे, खाणं थांबलेलं.

"म्हंजी आमी फुकट धावलो?" एकीनं विचारलं.

"फुकट नाही. माझ्यासाठी धावलात. मी ते घेतलं."

"मग सांगाचा होता ना गो, आमी काय तुला खाल्ली असती?" ती बाई खरोखरच चिडली होती. "दीड महिना मी लघवीला गेली न्हाय धर, आनि ही वर बसून आकडे बघतं!"

कुणीतरी हसलं, मग दोघी हसल्या, आणि ते हसणं विनिताच्या बाजूचं नव्हतं. जानकीबाई कोपऱ्यात बसून भाकरी चघळत होती. तिनं लेकीची बाजू घेतली नाही. उठून गेलीही नाही.

त्या संध्याकाळी विनिता बसमधून उतरली आणि मागच्या बांधानं न जाता सीताबाईच्या दारी गेली. पिशवी ओटीवर ठेवली.

"काकी, ठेकेदार बोलवील. जाकीट तुमच्याकडंच राहू दे."

सीताबाई चुलीपुढं पाठमोरी होती. तिनं चुलीत लाकूड सारलं.

"येईन का न्हाय ते बघीन," ती म्हणाली. "आयली तर चालनार हाय मी. धावनार न्हाय. तुज्या परीक्षेला पन न्हाय."

"चालाच, काकी."

"चा घेशील?"

"नको."

"मग जा. दूध पन न्हाय."

फ्लेक्स विनितानं स्वतःच उतरवला. वरची दोरी सुटेना, तेव्हा बापानं शिडी धरली आणि "हळू, परशील!" म्हणून एवढ्यानं ओरडला की नाक्यावरची चहाची टपरी गप झाली. तो फ्लेक्स आता गुरांच्या पेंढ्यावर आहे, छापलेली बाजू खाली.

मोजणी पुन्हा सोमवारपासून सुरू व्हायची होती. पैशाविना, आहे त्या पगारात, पहिल्या पावलापासून. रविवारी सकाळी विनितानं सगळे पट्टे अंगणात आणले. आतली यंत्रं काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात नंबरानं लावली आणि नुसते पट्टे बादलीत टाकले. जानकीबाईनं कुंडाचं पाणी आणून त्यात ओतलं, चमचाभर सोडा टाकला.

"घाम लय मुरलेला हाय," ती म्हणाली. "चोलून धू."

विनिता पाट घेऊन बसली आणि एकेक पट्टा दगडावर चोळू लागली. पाणी काळं झालं, ते अळूच्या आळ्यात ओतलं, दुसरं घेतलं. सतरा नंबरच्या पट्ट्याला गुडघ्यावरून ओघळलेलं हिरवं तेल लागलेलं होतं, त्याला साबण जास्त लागला. तोही तिनं पिळला, बाकीच्यांबरोबर तारेवर टाकला आणि पुढचा घेतला.