मागच्या आसनावरील सप्ताह

माझ्या पत्नीने बेचाळीस वर्षांच्या संसारात स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचे मला स्मरत नाही. म्हणून त्या संध्याकाळी पानावर बसलो असता ती "मला जायचं आहे" असे म्हणाली, तेव्हा मुलाने आणि मी, दोघांनीही हातातला घास तसाच धरून ठेवला.

आम्ही उभयता तेव्हा सिंगापूरला, बेडोक येथील मुलाच्या फ्लॅटमध्ये काही महिन्यांसाठी राहायला गेलो होतो. मी संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झालेलो, ती बालवाडीतून. मुलगा रोज एमआरटी या तिथल्या मेट्रोने वन-नॉर्थ भागात आपल्या संशोधनाच्या कामाला जाई. परतीचे तिकीट दहा दिवसांवर आले होते. इमारतीच्या तळमजल्यावरील मोकळ्या जागेत एक फलक आहे, त्यावर तिने सकाळी एक कागद वाचला होता: ज्येष्ठ नागरिकांची सात दिवसांची सायकल सहल, सामुदायिक, सर्वांना खुली.

"आई, बाबांना सायकल येत नाही," मुलगा म्हणाला.

"दोन सीटची मिळते. मी पुढे बसेन."

"आजोबा मागे? हाऊ कॅन, लाह!" आमची नात तिथल्या इंग्रजीत म्हणाली, असं कसं चालेल, आणि हसत सुटली.

पत्नी एकटीच का गेली नाही, असे कोणी विचारील. मी परान्न घेत नाही. पाणीही माझ्याच तांब्यातले. माझे दुपारचे अन्न तिच्या हातचे, आणि ते वेळेवर, ही आमच्या घरची घडी मी परदेशातही मोडू दिली नव्हती. मला घरी ठेवून ती जाऊ शकत नव्हती, म्हणून तिने मला बरोबर नेण्याचा मार्ग शोधला होता.

मी होकार दिला. पण नुसता होकार देऊन थांबलो असतो तर पुढचे काही घडले नसते. सात दिवस हा शब्द कानी पडताच माझ्या मनात पारायणाचा सप्ताह उभा राहिला, आणि सप्ताह म्हटला की आधी संकल्प हवा. दुसऱ्या दिवशी स्नानानंतर मी देवापुढे बसलो. देशकालाचा उच्चार करताना क्षणभर अडखळलो, कारण आयुष्यभर कृष्णेच्या तीराचा उच्चार केलेला. शेवटी समुद्राने वेढलेले बेट असे म्हणून पुढे गेलो. सात दिवस, सपत्नीक, खंड न पडता, ही यात्रा ईश्वरार्पण बुद्धीने पूर्ण करीन असे म्हणालो. रीतीप्रमाणे तिला बोलावून माझ्या हाताला हात लावायला सांगितले. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. तिने मनगटाने स्पर्श केला, मी ताम्हनात पाणी सोडले, आणि ती पोळ्या करायला परत गेली.

सहल रोज सकाळी बेडोकच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघे आणि दुपारी तिथेच परत येई. देशच एवढा लहान की सात दिवसांच्या प्रवासातही माणूस झोपायला घरीच असतो, असे मुलगा म्हणे. आम्ही चौदा-पंधरा जण होतो. म्होरक्या एक निवृत्त चिनी बस मेकॅनिक होता. सगळे त्याला अंकल म्हणत आणि तो सगळ्यांना अंकल-आंटी म्हणे.

दोन आसनांच्या सायकलीची रचना मला पहिल्या दिवशी पहिल्या वळणावर कळली. सुकाणू पुढे, ब्रेक पुढे, घंटी पुढे. मागच्याला एक दांडा धरायला दिलेला असतो. तो कुठेही वळत नाही. पायटे, म्हणजे पेडल, मात्र एकाच साखळीने जोडलेले, त्यामुळे पुढचीचे पाय फिरले की मागच्याचे फिरलेच पाहिजेत. श्वास घ्यायला थांबावे म्हटले तर पायटा पोटरीवर येऊन आदळतो. समोर दिसते ती तिची पाठ, घामाने भिजलेला पंजाबी पोशाख आणि शिरस्त्राणाखालून आलेली पांढरी वेणी. डावीकडे समुद्र आहे हे मला वाऱ्यावरून कळे. आजवर प्रत्येक पूजेत ती माझ्या शेजारी बसून माझ्या हाताला हात लावीत आली होती. इथे मी तिच्या मागे होतो, आणि मला कुठे नेले जात आहे हे विचारण्याचीही सोय नव्हती, कारण वाऱ्यात तिला ऐकू जात नसे.

"अंकल, यू पेडलिंग ऑर स्लीपिंग आह?" म्होरक्या शेजारून जाताना रोज विचारी.

"ही इज प्रेइंग," पत्नी पुढून सांगे, आणि दोघे हसत.

दुसऱ्या दिवसापासून मार्ग मोठ्या माळावरून जाऊ लागला. समुद्र बुजवून तयार केलेली ती जमीन होती. तिच्यावर कमरेएवढे गवत माजलेले, आणि त्यातून विमानतळाच्या कुंपणाला लागून एक रस्ता सरळ, अगदी सरळ गेलेला. सावली नाही, वळण नाही, घर नाही. इतके मोकळे आकाश मी त्या बेटावर दुसरीकडे पाहिले नाही, आणि इतका जखडलेलाही मी कधी नव्हतो. कुंपणापलीकडून विमाने उठत. माझे मन त्यांच्यामागे जाई, आणि पाय साखळीमागे.

भर दुपारी मी संध्येसाठी उतरत असे. गवताच्या कडेला पूर्वेकडे तोंड करून आचमन करी. सगळे पुढे जात. पत्नी सायकल धरून उन्हात उभी राही. मग दशमीचा डबा उघडायचा, कारण दुधात भिजवलेल्या पिठाची दशमीच मला प्रवासात चालते, आणि ती रोज पहाटे उठून करीत असे. आम्ही पोहोचेपर्यंत इतरांचे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, जेवण होऊन हात धुतलेले असत. चौथ्या दिवशी म्होरक्याने आम्हांला सर्वांच्या शेवटी ठेवले, म्हणजे कोणाची वाट अडू नये.

पाचव्या दिवशी माझा उजवा गुडघा सुजला. मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे आता. आई दोन दिवस एकटी जाईल, तिला साधी सायकल मिळेल."

"संकल्प आहे," मी म्हणालो. "सपत्नीक, खंड न पडता."

पत्नी गुडघ्याला पट्टी गुंडाळीत होती.  तिने गाठ जरा आवळून मारली.

सहाव्या दिवशी त्या सरळ रस्त्याच्या मध्यावर गुडघ्यातून अशी कळ आली की मी पाय थांबवण्याचा प्रयत्न केला. पायटा पोटरीवर बसला, सायकल डगमगली, आणि पत्नीने ती कशीबशी गवतात उतरवून थांबवली. पडलो नाही. सोबतीचे लोक दूर ठिपक्यांएवढे झाले होते. ती उतरली, सायकल आडवी ठेवली आणि गवतावर बसली. मीही बसलो.

काहीतरी बोलावे म्हणून मी विचारले, "तू इतकी छान कुठे शिकलीस?"

"मिरजेला. कॉलेजला सायकलनेच जात होते. तुम्हांला ठाऊक होतं ते."

"मला?"

"लग्नात माझ्याबरोबर आली होती ना सायकल. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे हे शोभत नाही. दादा चौथ्या दिवशी येऊन घेऊन गेला."

मला आठवेना. खरोखरच आठवेना. चेहरा, दिवस, काहीही नाही. ते एक वाक्य मी उच्चारले आणि पुढे गेलो, आणि तिने ते जपून ठेवले होते.

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"बोलले की. ह्या वेळी बोलले. मला जायचं आहे म्हणाले." तिने पोशाखावरचे गवताचे कुसळ काढले. "अहो, तुम्ही संकल्प केलात तेव्हा मला विचारलं होतंत का?"

"तू हात लावलास."

"लावा म्हणालात, लावला. कणकेचा हात होता." ती हसली, पण ते हसणे लगेच मावळले. "सहा दिवस मी तुम्हांला ओढते आहे. त्याचं काही नाही. एकदा तरी ह्या रस्त्यावरून एकटीने जायचं होतं. उद्या शेवटचा दिवस. मग विमान."

मी समोरच्या गवताकडे पाहत राहिलो. सहा दिवस मी स्वतःला बांधलेला समजत होतो आणि त्या बंधनाला तप म्हणत होतो. मनातल्या मनात त्याचे पुण्यही मोजीत होतो. साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे मी पाठ समोर असूनही पाहिले नव्हते.

म्होरक्या परत फिरून आला. माझा गुडघा पाहून त्याने मान हलवली आणि टेम्पो बोलावला. पत्नीही सायकलीसह माझ्याबरोबर टेम्पोतच आली. तिचा तोही दिवस अर्धाच राहिला.

सातव्या दिवशी सकाळी मी देवापुढे बसलो, संकल्प अपुरा राहिल्याबद्दल क्षमा मागितली आणि पाणी सोडले. आयुष्यात अर्ध्यावर सोडलेला माझा तो एकच संकल्प. त्या वेळी तिला बोलावले नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणालो, "आज तू साधी सायकल घे. मी किनाऱ्यावर बसेन."

"आणि जेवण?"

"केळी आहेत."

तिने तरीही दशम्यांचा डबा आणि तांब्या दिलाच. किनाऱ्यावर मला एका बाकावर बसवले, पाय पिशवीवर टेकवून दिला, आणि निघाली. पहिली काही पावले ती सायकल हातात धरून चालली. मग बसली. सुरूच्या झाडांमागे रस्ता वळतो तिथपर्यंत तिची वेणी दिसली.

मी जपाची माळ घेतली. मन लागेना. उठून चार पावले टाकावीत तर गुडघा साथ देईना, आणि घरी जावे तर कोणती बस कुठे थांबते हे तिलाच ठाऊक, मला नाही. दुपारी संध्या बसल्याजागी मानसिक केली. दशमी खाल्ली. एवढा वेळ तिची वाट पाहण्याचा प्रसंग माझ्यावर पूर्वी आलाच नव्हता. वाट पाहणे हे तिच्याकडे होते.

ऊन कलू लागले तेव्हा सायकली दिसल्या. म्होरक्या पुढे, दुसरा कोणी, आणि तिसरी ती. चेहरा उन्हाने तांबूस झालेला, ओठ किंचित उघडे. मी हात वर केला. तिने पाहिले की नाही, कोण जाणे. बाकासमोरून ती तशीच पुढे गेली, सरळ समुद्रात गेलेल्या धक्क्यापर्यंत, तिथे वळली, आणि परत माझ्यासमोरून न थांबता झाडांच्या दिशेने निघाली.

हाक मारावी असे फार वाटले. हाक ओठांपर्यंत आली. तांब्यातले उरलेले पाणी मी तिच्यासाठी झाकून ठेवले आणि बसून राहिलो.