बांबर्गमधला सत्कार

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात युरोपचा नकाशा नव्हता, आणि ज्यांनी जायचं ठरवलं त्यांना त्याची गरजही वाटली नव्हती. नागनाथराव, म्हणजे माझे यजमान, यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. पत्र्याखाली बारा माग, त्यातले निम्मे धूळ खात बंद. फ्रँकफुर्टच्या कापड प्रदर्शनात त्यांना कशीबशी एक कोपऱ्यातली जागा मिळाली. जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "ह्या खेपेला आर्डर आली तर आली. न्हायतर माग भंगारात घालतो. लई झालं आता." मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, म्हणून दुभाषी म्हणून माझी वर्णी लागली. भंगाराचं ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, सुटले म्हटलं.

प्रदर्शनानंतर दोन दिवस हातात राहत होते. एखादं जुनं शहर निवांत बघू, असं मी सुचवलं. नागनाथरावांच्या मते दोन दिवसांत एकच शहर बघणं हा पैशाचा अपमान होता. त्यांनी सोलापुरातल्या एका ट्रॅव्हल एजंटाला घरीच बोलावलं. तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "मॅडम, स्वित्झर्लंड करून या की. शेजारीच हाय."

शेजारी म्हणजे सोलापूरच्या वेशीवरचं कुंभारी गाव असल्यासारखं. त्याला मी विचारलं, तुम्ही स्वतः कुठवर गेला आहात? गोव्यापर्यंत, म्हणाला. यजमान मात्र त्याच्या हो ला हो करत होते. जाताना तो पाच शहरांची यादी ठेवून गेला. त्यातलं एक जर्मनीत नव्हतंच.

शेवटी शहर ठरवलं ते एका गिऱ्हाइकानं. प्रदर्शनात लोक आमच्या कोपऱ्यापर्यंत यायचे ते स्वच्छतागृहाची वाट विचारायला. पण एके दुपारी उंच, पांढऱ्या केसांची एक बाई थांबली. तिनं नमुन्याचा टॉवेल उचलला, गालाला लावला, उलटा करून पाहिला, कड ओढून पाहिली. हे नमुने नागनाथरावांनी चांगलं सूत आणून, स्वतः मागाशेजारी उभं राहून काढले होते. बाईचं नाव हेल्गा. बांबर्ग नावाच्या जुन्या शहरात तिचं गास्टहाउस (घरगुती लॉज) होतं, तिच्या दोघी बहिणींचीही होती, आणि उन्हाळ्याआधी तिघींना सगळे टॉवेल बदलायचे होते. ती इंग्रजीत म्हणाली, "माझ्याकडे येऊन राहा. गाव बघा. सोमवारी नाश्त्याला बसून बोलू."

मी भाषांतर केलं तसे यजमान फुलले. "बग, पाव्हनचार करतीया बाई. म्हंजे आर्डर दिलीच म्हण की."

"पाहुणचार कसला? खोलीचं भाडं आधीच सांगितलंय तिनं," मी म्हटलं. पण आनंदी माणसाला कानच नसतात.

जर्मन गाड्यांवर घड्याळं लावावीत, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. आमची गाडी उशिरा आली, वाटेत उगाच थांबली, आणि व्युर्त्सबुर्गला पुढची गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. थंडीनं माझे दात वाजत होते. नागनाथराव मात्र खूश. "ही तर अगदी आपल्या जेऊरच्या ठेसनावानी गत झाली की!" जर्मनी आपल्यासारखीच निघाली याचा त्यांना कोण अभिमान.

बांबर्ग सात टेकड्यांवर वसलं आहे, असं माहितीपत्रक म्हणतं. टेकड्या मी मोजल्या नाहीत, गुडघे दोनच असल्यामुळे एकीवरच पुरे झालं. बर्फ वितळून रस्त्यावर राखाडी चिखल झाला होता. दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची, लाकडी चौकटी भिंतीतून बाहेर दिसणारी घरं, आणि सगळी इतकी स्वच्छ की कुणी राहतं की नाही याची शंका यावी. गास्टहाउस नदीकाठच्या बोळात होतं. दारात हेल्गाबाई आणि तिचा नवरा डीटर उभे होते. डीटर म्हणजे टक्कल पडलेला, लालबुंद मानेचा, अबोल गृहस्थ. "ग्रूस गॉट," तो म्हणाला. (देव तुमचं भलं करो, असा तिकडचा नमस्कार.)

आणि नागनाथरावांनी बॅग उघडली.

मी दात-ओठ खात पुटपुटले, "अहो, इथं नको." पण सत्कार करायची हुक्की आलेला सोलापूरकर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यांनी डीटरच्या टकलावर पांढरी टोपी ठेवली, हेल्गाबाईच्या हातात नारळ दिला आणि डीटरच्या खांद्यावर लाल काठाचा, चकचकीत पिशवीतून काढलेला टॉवेल पसरला. मग मला फोटो काढायला लावला. डीटर टोपी सावरत सैनिकासारखा ताठ उभा राहिला.

सत्काराचा टॉवेल काय चीज असते ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खळ घालून कडक केलेला, जाळीसारखा विरळ. तो खांद्यावर पडतो, टाळ्या होतात, आणि पुन्हा पिशवीत जाऊन कपाटात बसतो. पुढच्या वास्तुशांतीला तो दुसऱ्याच्या खांद्यावर. कुणी तो पाण्याला दाखवत नाही. आमचे चालू माग ज्या मालावर चालत होते तो हाच. कधी सोसायटीची सभा, कधी सेवापूर्ती, कधी कुणाचा वाढदिवस. सोलापुरात सत्काराला तोटा नाही, म्हणून आमची चूल पेटत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. यजमानांचा बेत पक्का होता, सकाळी खरेदी आणि दुपारी शहर. साऱ्या एमआयडीसीला चॉकलेटं न्यायची होती. पण बाजारपेठेत एक दार उघडं असेल तर शपथ. काचेआड चॉकलेटांचे डोंगर आणि बाहेर आम्ही दोघं. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, "ऐतवारी दुकानं बंद? मग लोकं बाजार कवा करत्यात?"

"शनिवारी," म्हातारा म्हणाला.

"आन् ऐतवारी काय करत्यात?"

"चालतात."

कुत्र्यानंही आमच्याकडे कीव करून पाहिल्यासारखं मला वाटलं. मग आम्हीही चाललो. इथली जुनी राटहाउस (नगरपालिकेची कचेरी) चक्क नदीच्या मधोमध आहे. बिशपनं जागा दिली नाही म्हणून गावकऱ्यांनी नदीतच बेट करून ती बांधली, असं सांगतात. आमच्या महानगरपालिकेला नळाला चार दिवसांआड पाणी सोडता येत नाही, आणि हे लोक पाण्यातच कचेरी थाटून बसलेत. भिंतीवर देवदूत रंगवले आहेत, त्यातल्या एका बाळाचा पाय खराखुरा भिंतीबाहेर आलेला. नागनाथराव बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले. "पाय घडवून चिकटवलाय बग. काय नडलं हुतं का? पर केलंय." माझ्या नवऱ्याला कलेतलं काही कळतं, असा आरोप मी कधी केला नव्हता. त्या दिवशीही केला नाही.

दुपारी एका खानावळीत क्लोस (बटाट्याचे उकडलेले गोळे) मागवले. गोळे शाकाहारी होते, पण ते डुकराच्या रश्शात पोहत आले. आम्ही गोळे पुसून, सोबत आणलेल्या शेंगाचटणीत बुडवून खाल्ले. वाढणारी मुलगी चटणीच्या वासानं दोनदा शिंकली. मग त्यांनी इथली प्रसिद्ध राउखबिअर (धुरावलेली बिअर) चाखली. हुरड्याच्या आगटीत ग्लास बुडवून काढावा तसा वास. एका घोटानंतर ग्लास खाली ठेवला. "उद्या आर्डरीचं बोलायचं हाय. तोंडाला वास नको."

संध्याकाळी ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. कोणते माग आधी सुरू करायचे, कुणाकुणाला कामावर परत बोलवायचं, सगळं बोलून दाखवत होते. झूल घातलेला नंदीबैल डोलावा तसे डोलत होते. मी म्हटलं, "बाजारात तुरी आणि तुम्ही कुणाला मारायला निघालात?" ते हसले. इतके मोकळे हसलेले मी त्यांना फार दिवसांनी पाहिले, आणि माझंच मन चरकलं.

सोमवारी नाश्त्याला आम्ही खाली गेलो. टेबलावर पाव, चीज, उकडलेली अंडी. आणि मधोमध दोन टॉवेल घडी घालून ठेवलेले. एक प्रदर्शनातला नमुना. दुसरा सत्काराचा.

डीटरनं सत्काराचा टॉवेल वापरला होता. त्या भल्या माणसाला पाहुण्यांनी प्रेमानं टॉवेल दिला होता, मग सकाळी आंघोळ करून त्यानं त्याच टॉवेलनं अंग पुसलं होतं. हा विचार आम्हा दोघांपैकी कुणाच्या डोक्यालाही शिवला नव्हता. त्याच्या कानामागे लाल सुताचे तंतू चिकटले होते, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर फिकट गुलाबी डाग होता. तो रागावलेला नव्हता. उलट ओशाळून कॉलर आत दुमडत होता.

हेल्गाबाईनं टॉवेल उलगडला. काठाचा रंग सगळीकडे ओघळला होता. "हाही तुमच्याच कारखान्यातला?"

"व्हय," नागनाथराव म्हणाले. खोटं बोलायला त्यांना सुचलं नाही. मग घाईघाईनं, "तिला सांग, त्यो वापरायचा न्हवं. त्यो मानाचा हाय."

मी सांगितलं. हेल्गाबाई गोंधळली. "टॉवेल, आणि वापरायचा नाही? मग तुमच्याकडे लोक त्याचं काय करतात?"

"दुसऱ्याला देतात," मी म्हटलं.

"आणि तो?"

"तोही."

तिनं दोन्ही टॉवेल शेजारी शेजारी ठेवले. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "म्हणजे चांगला तुम्ही विकता, आणि पाहुण्याला हा देता?"

नागनाथराव माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाली?" मला ते वाक्य मऊ करता आलं असतं. आयुष्यभर ह्या माणसाला टोमणे मारत आलेली मी, त्या क्षणी मला ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवावंसं वाटेना. पण धंदा त्यांचा होता, आणि उत्तर त्यांनीच द्यायचं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी तो सत्काराचा टॉवेल ओढून घेतला, दोन बोटांत धरून चोळला, आणि त्यांच्या चिमटीत खळीची भुकटी आली. मग उठून त्यांनी डीटरला हात जोडले. "त्येला म्हणावं, माफ करा. चुकलं आमचं."

हेल्गाबाईनं आम्हाला कॉफी दिली, स्टेशनपर्यंत गाडीनं सोडलं, सगळं नीट केलं. ऑर्डर दिली नाही. ती म्हणाली, कोणता टॉवेल येईल याची मला खात्री वाटत नाही. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

परतीच्या सबंध प्रवासात नागनाथराव खिडकीबाहेर बघत होते. सोलापुरात उतरलो, घरी आलो, अजून बॅगाही उघडल्या नव्हत्या तोच एका पतसंस्थेच्या चेअरमनचा फोन. वार्षिक सभा होती, सभासद पुष्कळ, सत्काराचे टॉवेल हवे होते, नेहमीचेच. चालू माग महिनाभर चालले असते एवढं काम.

"ते काम आमी बंद केलं," नागनाथराव म्हणाले. पलीकडून काहीतरी समजूत घातली गेली असावी. "न्हाय न्हाय, भावाचा प्रश्न न्हाय. बंद केलं म्हंजे बंद केलं." आणि फोन ठेवला.

म्हणजे आता माग भंगारात जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. जर्मनीची ऑर्डर नाही, आणि घरची होती तीही घालवली. सुटले असं वाटेल म्हणून मी वाट पाहिली. तसं काही वाटलं नाही. वाईट वाटलं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ह्या माणसाचा अभिमानही वाटला. पुढचे काही दिवस त्यांनी एकच माग चालवला. प्रदर्शनासाठी आणलेलं सूत उरलं होतं, तेवढं संपेपर्यंत. त्यातले दोन टॉवेल घरी आणून स्वतः पाण्यात भिजवले, वाळवले, पुन्हा भिजवले. मग मला म्हणाले, "हेल्गाबाईचा पत्ता घाल. आन् एक डीटरच्या नावानं."

मी पार्सलवर पत्ता लिहिला आणि सवयीनं विचारलं, "बिल जोडू का?"

"अगं, सत्काराला कुटं बिल असतं व्हय?" ते म्हणाले, आणि मागाची भंगारवाल्याशी बोलणी करायला निघून गेले.